मुलांचा अभ्यास आणि आपण : चकली, शंख आणि तिसऱ्या

मैत्रिणींनो, भिवंडीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा नववीत, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या तयारीला लागलाय. जीवाश्मांची चित्रं रात्री पाठ करतो आणि सकाळी एकाचं नाव दुसऱ्याला देतो. परवा तर रडकुंडीला येऊन त्यानं पुस्तकच भिरकावलं. ताई लिहितात, 'मी सातवीपर्यंत शिकलेली, मी त्याला काय सांगणार?'

ताई, तुम्हीच सांगू शकाल. १९८१ सालापासून चालत आलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर पुढे गेलेल्या मुलांची प्रात्यक्षिकंही होतात. तिथे नुसतं पाठांतर पुरत नाही, नजर लागते. आणि तांदूळ निवडणाऱ्या बाईला नजर कुणी शिकवायला नको!

पहिली गल्लत शिंपल्यांची. बाजारातून तिसऱ्या आणाल तेव्हा एक मुलाच्या हातावर ठेवा. तिच्या दोन्ही शिंपा एकमेकींच्या जोडीच्या, आरशात पाहिल्यासारख्या. पण एकच शिंप घेऊन मधोमध रेघ कल्पिली, तर डावी-उजवी बाजू सारखी नसते. ब्रॅकिओपॉड नावाच्या प्राण्याचं नेमकं उलटं. त्याची एक शिंप मोठी, एक लहान. पण प्रत्येक शिंपेची डावी-उजवी बाजू सारखी. मोठ्या शिंपेच्या टोकाशी पुष्कळदा एक भोकही दिसतं. कालवं मात्र खडकाला चिकटून वेडीवाकडी वाढतात, त्यांना हा नियम लावू नका. तिसऱ्या घरात येत नसतील तर समुद्रावरून आणलेले शिंपले चालतील.

दुसरी गल्लत वेटोळ्यांची. अमोनाईट म्हणजे ताटात ठेवलेली चकली. वेटोळी सपाट, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, आणि आत पडदे घालून केलेले कप्पे. गोगलगाय किंवा शंख म्हटला की वेटोळं वर टोकाकडे चढत जातं आणि आत कप्पे नसतात. अमोनाईटसारखाच दिसतो तो नॉटिलस. त्याच्या कप्प्यांच्या रेषा साध्या बाकदार असतात, तर अमोनाईटच्या बहुधा झालरीसारख्या दुमडलेल्या. नॉटिलस आजही समुद्रात आहे. अमोनाईट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. नेपाळातल्या काली गंडकीतून येणाऱ्या अनेक शाळिग्रामांत अमोनाईटचाच ठसा असतो. देवघरात असेल तर मुलाला जवळून पाहू द्या. फोडायचा नाही हं!

तिसरी गल्लत आपल्याच अंगणातली. एखाद्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते आणि मुलं 'जीवाश्म सापडला' म्हणून धावत येतात. पुष्कळदा ती दगडाच्या फटीत झिरपलेल्या पाण्यातल्या मँगनीजची नक्षी असते. खऱ्या पानाला मधली शीर असते, पानं ठरावीक अंतरावर असतात. नक्षीला शीर नसते, फांद्या कशाही फुटलेल्या असतात. भिवंडीभोवतीचा काळा दगड लाव्ह्याचा, त्यात जीवाश्म सहसा मिळत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळ साचला असेल तर मात्र मिळू शकतात. मुंबईत वरळीला अशाच गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं.

आता अभ्यास असा घ्या. वहीत दिसायला सारख्या वस्तूंची जोडी शेजारी शेजारी काढायला लावा आणि खाली एकच वाक्य लिहून घ्या : 'हा तो नाही, कारण…'. रोज एकच जोडी. दुसऱ्या दिवशी नाव झाकून आधी कारण विचारा, नाव मागाहून. स्वयंपाक करता करताही हे जमतं.

आणि ताई, तो चुकला तर उत्तर लगेच सांगू नका. 'कशावरून म्हणतोस?' एवढंच विचारा. हा प्रश्न विचारायला सातवीच्या पुढचं शिक्षण लागत नाही.