मर्त्य व्हायला निघालेले राजपुत्र

परीलोकीचा एक राजपुत्र मानवकन्येच्या प्रेमात पडतो, तिच्यावाचून अनंत आयुष्य त्याला आळणी वाटू लागते, आणि अमरत्वाचे ओझे उतरवून ठेवायला तो घराबाहेर पडतो. ही गोष्ट वाचकांना फार आवडते. तिच्याइतका त्याग दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेत नाही, असे ती आवडणारे सांगतात. हा त्याग आम्ही शोधायला गेलो, आणि तो सापडला नाही. ज्या थोड्या ठिकाणी सापडला तिथे त्याचे बिल दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने फाडलेले होते.

आधी थोडी मोजदाद करू. फुकेची 'उंडीन' 1811 सालची, अँडरसनची छोटी जलपरी 1837 सालची, द्वोर्झाकच्या ऑपेरातली रुसाल्का 1901 सालची. पुढे टोल्किनची लूथिएन आणि तिच्यानंतर आर्वेन. आपले अद्भुत जग सोडून माणसांत उतरणाऱ्या या सगळ्या स्त्रिया आहेत. त्यांतल्या दोघींना उतरताना वाचाही गमवावी लागते. जलपरीची तर जीभच कापली जाते, आणि दर पावलाला तिला सुरीवर चालल्यासारखे वाटते. (1989 सालच्या डिस्नेपटाने या सगळ्याचे लग्नात रूपांतर केले, हे वाचकांना ठाऊकच आहे.) अर्थात उंडीन आणि जलपरी यांचा व्यवहार अमरत्वाच्या त्यागाचा नाहीच, हेही सांगितले पाहिजे. पॅरासेल्ससच्या मते जलदेवतांना आत्मा नसतो, मनुष्याशी लग्न लागल्यास तो मिळतो. फुकेने ही कल्पना तिथूनच उचलली. अँडरसनची जलपरी तीनशे वर्षे जगून समुद्राचा फेस होणार असते, तिला हवा असतो न मरणारा आत्मा. म्हणजे लांब पण संपणाऱ्या आयुष्याच्या बदल्यात तिला कधीच न संपणारे काहीतरी मिळवायचे आहे. खरोखरीचे मरण पत्करणाऱ्या नायिका आम्हाला ठळकपणे दिसतात त्या टोल्किनमध्ये.

आता पुरुषांकडे वळू. शतपथ ब्राह्मणातला पुरूरवा उर्वशीसाठी काय करतो? गंधर्वांकडून अग्नी मिळवतो, यज्ञ करतो आणि स्वतः गंधर्व होतो. तो वर चढतो, तिला खाली यावे लागत नाही. कालिदासाने तर 'विक्रमोर्वशीया'त सगळाच प्रश्न मोठ्या कुशलतेने टाळला. राजा जिवंत असेपर्यंत उर्वशीने त्याच्यापाशी राहावे, अशी इंद्राची अनुज्ञा नारद घेऊन येतो आणि नाटक संपते. राजा गेल्यावर उर्वशीचे काय, हे विचारायला रंगमंचावर कोणी उरत नाही. टोल्किनचा तूओर हा मर्त्य माणूस इद्रिल या एल्फ राजकन्येशी लग्न करतो, आणि पुढे एकटा तोच एल्फांत गणला गेला अशी आख्यायिका आहे. ग्रीकांचा पॉलिड्यूसीझ आपले अर्धे अमरत्व खरोखर देऊन टाकतो, पण ते भावासाठी. अर्ध-एल्फ एल्रॉस मर्त्य होणे निवडतो आणि त्याला राज्य मिळते. शिवाय त्या मर्त्य आयुष्याची लांबी पाचशे वर्षे! असले मरण आम्हालाही चालेल.

राहता राहिला एक अपवाद, आणि तो मोठा आहे. विम वेंडर्सच्या 1987 सालच्या 'विंग्ज ऑफ डिझायर' या चित्रपटातला देवदूत डामिएल पश्चिम बर्लिनमध्ये एका सर्कशीतल्या झुल्यावरच्या कलावतीसाठी माणूस होतो. त्याला पहिल्यांदा रंग दिसतात, डोक्याला खोक पडून रक्त येते, ते तो चाखून पाहतो, थंडीत गरम कॉफी पितो. हा भाग आम्हाला मनापासून आवडतो. पण मर्त्यत्वाच्या पहिल्याच सकाळी चित्रपट थांबतो, आणि पहिली सकाळ कोणालाही गोडच लागते. याच कथेवरून हॉलिवुडने 1998 साली 'सिटी ऑफ एंजल्स' काढला. त्यात देवदूत माणूस होतो, दोघांना एक रात्र मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सायकलवरून येताना ट्रकशी टक्कर होऊन मरते ती नायिका. मर्त्य झाला तो, मरायचे काम तिने केले. यानंतर तो समुद्राच्या लाटांत पोहून आयुष्याचा आनंद घेतो. याला प्रेक्षकांनी त्याग म्हणावे, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

एवढ्या मोजदादीनंतर आम्हाला ज्या राजपुत्राविषयी बोलायचे आहे तो मर्त्य झालाच नाही. त्याचे नाव आयग्नोर. टोल्किनच्या एल्फांपैकी फिनार्फिनच्या राजघराण्यातला हा मुलगा. डोर्थोनिअनच्या डोंगरात, आयलुइन नावाच्या तळ्याकाठी त्याने बेओरच्या मानवकुळातली आंद्रेथ पाहिली. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते. मग तो निघून गेला. आंद्रेथ तिच्या लोकांत शहाणी म्हणून नावाजली गेली, आणि अविवाहितच म्हातारी होऊ लागली. तिची हकिकत 'सिल्मरिलिअन'मध्ये नाही. टोल्किनने 1959च्या सुमारास आयग्नोरचा भाऊ फिनरॉड आणि आंद्रेथ यांचा एक दीर्घ संवाद लिहिला. तो ख्रिस्तोफर टोल्किनने 1993 साली 'मॉर्गॉथ्स रिंग' या खंडात छापला. संवादाचा बहुतेक भाग मृत्यूच्या तत्त्वज्ञानाचा आहे. माणसे का मरतात, ती मुळातच मरणारी होती की त्यांच्यावर ते लादले गेले, एल्फांचे चिरंजीवित्व जग संपताच संपणार असेल तर त्यांची आशा कोणती, असे प्रश्न त्यात येतात. अभ्यासक याच भागावर लिहितात. आमच्या मते खरा संवाद शेवटच्या काही पानांत आहे, जिथे तत्त्वज्ञान गळून पडते आणि आयग्नोरचा विषय निघतो.

फिनरॉड भावाची बाजू मांडतो. ती अशी : आयग्नोरचे तुझ्यावर प्रेम होते, तुझ्यासाठी तो आता स्वजातीय वधूचाही हात धरणार नाही. पण हे युद्धाचे दिवस आहेत, आणि युद्धकाळात आमच्यात लग्ने होत नाहीत. शिवाय दोन जातींची लग्ने एखाद्या उच्च दैवी हेतूसाठीच व्हावीत, आणि ती झाली तरी त्यांचा शेवट कष्टाचाच. आंद्रेथ म्हणते, मी म्हातारपणी त्याच्यामागे फरफटत गेले नसते. त्यावर फिनरॉड जे सांगतो ते नीट वाचण्यासारखे आहे. तो पुढे गेलाच नसता, तुझ्याशेजारी थांबून त्याने तुला आधार दिला असता, आणि मग तुला तासातासाला त्याची दया सोसावी लागली असती. ती मानहानी तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून तो गेला. आम्ही एल्फ स्मृतीत जगतो, दुःखान्त आठवणीपेक्षा सुंदर पण अपुरी आठवण आम्हाला बरी वाटते. तळ्याच्या पाण्यात पडलेले तुझे प्रतिबिंब आणि केसांत अडकलेली चांदणी त्याच्यापाशी कायम राहील. आंद्रेथ विचारते, आणि मला आठवायला काय राहील?

तो प्रश्न वाचून आम्ही पुस्तक मिटले होते, हे कबूल करतो. फिनरॉडच्या उत्तरात प्रेमळपणा आहे, पण त्या प्रश्नाएवढे वजन त्याला नाही. त्याचे चाहते मात्र या परिच्छेदात औदार्य पाहतात, आणि आंद्रेथला कडवट ठरवतात. आम्ही उलट विचारतो. तिला मानहानी वाटेल, हे तिला कोणी विचारले होते? एक वर्ष, नव्हे एक दिवस मिळाला असता तरी त्यासाठी सर्व काही दिले असते, असे ती स्वतः सांगते आहे. ज्याला मरायचेच नाही त्याने जिला मरायचे आहे तिच्या वतीने तिचे म्हातारपण नाकारले, आणि त्या नकाराला तिच्याविषयीचा आदर असे नाव दिले. त्याने स्वतःला वाचवले ते तिच्या सुरकुत्यांपासून. तिची दया करावी लागणे हे त्याला सोसवले नसते, म्हणून ते तिला सोसवणार नाही असे गृहीत धरले गेले.

आमच्यावर आक्षेप येईल की आयग्नोरला मर्त्य होण्याचा मार्गच नव्हता, टोल्किनच्या सृष्टीचा तसा नियम आहे. नियम आहे, हे खरे. पण तोच नियम लूथिएनसाठी मोडला गेला. ती मांदोसच्या दाराशी गेली आणि मृतांच्या त्या स्वामीसमोर तिने गायले. आयग्नोर कोणाच्या दाराशी गेला? त्याने प्रयत्न करून तो फसला असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. दुसरा आक्षेप युद्धाचा. युद्ध होते, आणि पुढे त्याच युद्धात डागोर ब्रागोलाखच्या लढाईत आयग्नोर मारला गेला. म्हणजे जिच्यासाठी मरायला तो तयार झाला नाही, तिच्या डोळ्यांदेखत नव्हे तर रणांगणावर त्याला मरण आलेच. तिसरा आक्षेप आम्हाला अधिक गंभीर वाटतो. टोल्किनने हे जाणूनबुजून लिहिले, आंद्रेथचा प्रश्न त्यानेच तिच्या तोंडी घातला, मग तक्रार कोणाविरुद्ध? तक्रार लेखकाविरुद्ध नाहीच. परीकथांवरच्या 1939 सालच्या व्याख्यानात याच माणसाने सुचवले होते की माणसे जशा मृत्यूतून सुटण्याच्या गोष्टी रचतात, तशा एल्फ न मरण्यातून सुटण्याच्या गोष्टी रचत असतील. त्याला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. तरीही त्याच्या कथाविश्वातल्या लग्नांत एल्फ असते ती बाई आणि मर्त्य असतो तो पुरुष, हा योगायोग आम्हाला मानवत नाही. (ऑक्सफर्डच्या दफनभूमीत त्याच्या पत्नीच्या शिळेवर लूथिएन आणि त्याच्या नावाखाली बेरेन असे कोरले आहे. एडिथने 1914 साली त्याच्या आग्रहाने आपला पंथ बदलला होता. कोणी कोणासाठी काय सोडले, हे त्या शिळेवरूनही वाचता येते.)

दयेच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला दुसऱ्याच एका कथेत सापडते. रघुनाथ पंडितांमुळे मराठी वाचकाला दमयंतीचे स्वयंवर जवळचे आहे. मूळ वनपर्वात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचे रूप घेऊन सभेत बसतात. पाच नळ. देवांनी मर्त्याचे सोंग प्रेमासाठी, निदान अभिलाषेसाठी घेतले, पण सोंगच घेतले. दमयंतीने सत्याची आण घातल्यावर त्यांना आपली लक्षणे दाखवावी लागली : घाम नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, अंगाला धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचवा घामाने भिजलेला, धुळीने माखलेला, त्याची माळ सुकलेली, त्याला सावली आहे. तिने त्याच्या गळ्यात माळ घातली. घाम आणि धूळ पाहून निवडलेल्या माणसाला पुढे दया सोसावी लागेल की नाही याची चिंता तिने केली नाही. तो पुढे जुगारात सर्वस्व हरला, तिला रानात सोडून गेला, कुरूप झाला. तिने त्याला त्या रूपातही ओळखून काढले. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर रोज बदलली आहे त्यांना फिनरॉडचा युक्तिवाद वाचून दाखवावा, ते काय म्हणतील याची आम्हाला कल्पना आहे. त्यांच्यापाशीही दया असते, पण ती घरातल्या इतर कामांच्या गर्दीत कुठेतरी असते. मानहानी वाटलीच तर दोघांना मिळून वाटते आणि दुसऱ्या दिवशी दूध उतू गेले की विसरते.

तेव्हा आजच्या अद्भुतकादंबऱ्यांतला राजपुत्र अमरत्व टाकायला निघतो तेव्हा आम्ही पहिल्यांदा शेवटचे पान उघडतो. तिथे त्याचे केस पिकले आहेत का? तिचे पिकले आहेत का, आणि तो तिच्याजवळ आहे का? पुष्कळदा तिथे राज्याभिषेक असतो, किंवा कुठल्याशा मंत्राने दोघेही अमर झालेली असतात. याउलट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात आर्वेन आरागॉर्नच्या मरणशय्येशी उभी राहते आणि माणसांची कहाणी आपल्याला आजवर कळलीच नव्हती हे तिला तिथे कळते. मग ती पानगळीच्या सुमारास रिकाम्या रानात एकटी जाऊन मरते. हे पान वाचून रडू येते, कारण इथे किंमत पुरती मोजलेली आहे. पण ती पुन्हा तिनेच मोजली आहे.

महाभारतात एक देव खरोखर मर्त्य झाला, तोही बायकोच्या हट्टापायी. आदिपर्वातली ही कथा भीष्माच्या जन्माची म्हणून सांगतात, त्यामुळे तिची दुसरी बाजू झाकली जाते. द्यु नावाच्या वसूच्या पत्नीला वसिष्ठांची धेनू हवी होती. तिचे दूध पिणारा मर्त्य दहा हजार वर्षे तरुण राहतो, अशी तिची ख्याती. पत्नीला ते स्वतःसाठी नको होते. उशीनर राजाची मुलगी जितवती ही तिची पृथ्वीवरची मैत्रीण, ती म्हातारी होऊ नये एवढीच तिची इच्छा. द्युने धेनू पळवली, वसिष्ठांनी शाप दिला, इतर सात वसू गंगेने जन्मतःच सोडवले, आणि द्युला मात्र दीर्घ आयुष्य भोगावे लागले, निःसंतान आणि स्त्रीसंगाविना. त्याच्या त्या मर्त्य आयुष्यावर आपल्याकडे पर्वेच्या पर्वे आहेत. जितवतीला ते दूध मिळाले की नाही, हे कोणी सांगत नाही.