आश्वासन नको, तारीख हवी!

सीमाभागातील मराठी बंधू-भगिनींनो,

संसदेचे अधिवेशन जवळ आले की सरकार आपल्या विधेयकांची यादी जाहीर करते. ही यादी आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीचा प्रश्न तीत कधीच दिसला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपल्याला म्हैसूर राज्यात डांबले गेले, ते संसदेच्या कायद्याने. ही चूक संसदच दुरुस्त करू शकते. पण घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्याची सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही आणि राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. शुक्रवारी खासगी विधेयकांसाठी अडीच तास राखलेले असतात. या शिफारशीवाचून तिथेही आपले कोणी काही करू शकत नाही. म्हणजे आपला प्रश्न मतदानात हरलेला नाही. त्याला मतदानापर्यंत येऊच दिलेले नाही!

सबबी मात्र तयार असतात. म्हणे, राज्याचा विरोध आहे. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले होते. तरीही लोकसभेने ते १८ फेब्रुवारीला आणि राज्यसभेने २० फेब्रुवारीला मंजूर केलेच. म्हणे, सभागृहाला वेळ नाही. जम्मू-काश्मीर पुनर्रचनेचे विधेयक ५ ऑगस्ट २०१९ रोजी राज्यसभेत मांडले, त्याच दिवशी मंजूर झाले आणि दुसऱ्या दिवशी लोकसभेतही. म्हणे, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ सालचा. त्याआधीची ४८ वर्षे कोणते न्यायालय आडवे आले होते?

दिल्लीत सरकारे बदलली, सबबी त्याच राहिल्या. मनात असेल तर दोन दिवस पुरतात. नसेल तर तीन पिढ्या कमी पडतात.

काळा दिन आम्ही पाळूच. पण महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा सदस्यांना आमचा सवाल आहे. संसदीय कार्यमंत्री पुढच्या आठवड्याचे कामकाज जाहीर करतात, तेव्हा उठून "सीमाभागाचे विधेयक कधी?" एवढे विचारायला काय अडचण आहे? सीमालढ्याच्या व्यासपीठावर येऊन भाषणे पुष्कळ झाली. यापुढे आमच्या गावात येताना त्यांनी सभागृहात काय विचारले, ते सांगावे. वाचकहो, हा प्रश्न प्रत्येकाने पत्राने, फोनने, समक्ष भेटून त्यांच्यापुढे ठेवावा.

जय महाराष्ट्र!