कच्च्या फितीचा कैवार

तमाशाचे ध्वनिमुद्रण फडाच्या कनातीतच, ढोलकीशेजारी यंत्र ठेवून केलेले असेल, तर ते सभ्य गृहस्थाच्या दिवाणखान्यात वाजविण्याच्या योग्यतेचे नसते, असे मत अलीकडे वारंवार आमच्या कानी येते. ढोलकी गळ्यावर चढते, शिट्ट्या ऐकू येतात, शब्द अर्धेमुर्धे गळतात. सबब तीच लावणी एखाद्या तयार गायिकेकडून स्वच्छ गाऊन घ्यावी आणि मूळ फीत खुशाल टाकून द्यावी, असा या मंडळींचा सल्ला. तो आम्हांस साफ अमान्य आहे.

जुन्नर तालुक्यातील नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्री यात्रा जवळ आल्या की तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर लांबलांबचे गावकरी सुपारी ठरविण्यास येतात. भाऊ-बापू मांग यांचा फड याच गावचा, आणि विठाबाई (१९३५–२००२) त्याच घरातल्या. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. कनातीमागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आमच्या सुशिक्षित वर्गास तोंडपाठ आहे. ती सांगताना डोळे पाणावतातही. परंतु ही हकीकत सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी विठाबाईंचा गळा ऐकला आहे? त्यांच्या हालअपेष्टांवर हळहळावयाचे आणि त्यांच्या गाण्याकडे पाठ फिरवावयाची, ही सहृदयता आम्हांस फार स्वस्त वाटते.

स्वच्छ ध्वनिमुद्रणाने काय होते हेही पाहिले पाहिजे. हिंदुस्थानात तबकड्यांसाठी गाणे उतरविणे १९०२ साली कलकत्त्यास सुरू झाले. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात लावणी कापूनछाटून बसविता येई. बतावणी बसत नसे आणि रात्रभर चालणारा वग तर मुळीच नाही. म्हणजे तबकडीच्या मापाने तमाशातील एक फोड कापली गेली आणि तीच आपण सबंध फळ समजून बसलो. पुढे कॅसेट आली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूस पाऊण तास मावू लागला, तेव्हा कोठे सोंगाड्याची हजरजबाबी, पाटील-सावकाराची टर आणि झीलकऱ्यांनी उचलून धरलेला सूर यांस जागा झाली. कनातीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी ताणलेला गळा काचेच्या बंद खोलीत गाऊन घेतला, तर तो ताण उरेल कोठून? आणि ज्यास हे गृहस्थ गलका म्हणतात, तो तर प्रेक्षकांचा जबाब आहे!

गंमत अशी की, याच घरांतील चिरंजीव परदेशी कच्च्या फिती भक्तिभावाने ऐकत असतात. वॉशिंग्टनच्या ‘फुगाझी’ या वाद्यवृंदाने जानेवारी १९८८ मध्ये आपली पहिली नमुना-फीत उतरविली. ‘पोस्ट-हार्डकोर’ या नावाने ओळखले जाणारे, आरडाओरड आणि अंधारलेली वाद्ये यांनी भरलेले हे संगीत. कॅसेटी कार्यक्रमांत फुकट वाटल्या आणि २०१४ साली तेच मुद्रण रीतसर प्रसिद्ध झाले. त्या कच्चेपणास हे तरुण अस्सलपणा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मग अमेरिकेतला खरखराट अस्सल आणि नारायणगावचा तेवढा गावठी, हा न्याय कोणता?

या फितींपैकी काही निव्वळ चावटपणा विकण्यासाठी काढलेल्या होत्या, आणि गाणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले फारसे पडले असेल असे आम्हांस वाटत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि गाळ उपसावयाचा तर आधी विहीर शाबूत हवी. तमाशा ही मुख्यत्वे मांग, महार, कोल्हाटी या जातींनी जगविलेली कला; तिच्यावरील ‘घाण’ पुसण्याची आमची घाई पाहिली की, आम्हांस फितीचा खरखराट खुपतो की गाणारे माणूस, असा संशय येतो.

फितीवरील चुंबकी लेप काळाने सुटतो. दमट कपाटात तिला बुरशी चढते. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल, त्यांनी ती आधी जशीच्या तशी उतरवून घ्यावी. गाव, यात्रा, साल, फडमालक आणि विशेषतः ढोलकीवाला, यांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वेष्टनावर लिहावीत. शिट्ट्या काढू नयेत.