तेलाच्या बाटलीआधी

केस गळतात म्हणताच भृंगराज तेलाची बाटली पुढे करण्याची आपली सवय एकदा तपासून पाहावयास हवी. सुश्रुतांनी खालित्याची संप्राप्ती क्रमाने सांगितली आहे. वातासह पित्त रोमकूपांत जाऊन केस पाडते, नंतर रक्तासह कफ रोमकूप रोधतो. या दोन अवस्थांत चिकित्सेचे यश सारखे कसे असेल? तीव्र ज्वर, प्रसूती किंवा कडक उपवास यांनंतरची केसगळती साधारणतः दोन-तीन महिन्यांनी दिसू लागते. रुग्णास तो संबंध सुचतही नाही, आपणच विचारावयाचा. (डेंग्यू वा चिकुनगुन्या होऊन गेलेल्यांना तर अवश्य.) अशी गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि श्रेय तेलाला मिळते! मात्र अत्यार्तवाने पांडुता आलेल्या अथवा थायरॉईडचा विकार असलेल्या स्त्रीस नुसते तेल देणे म्हणजे मूळ व्याधी झाकणे होय; तेथे रक्ततपासणी हवीच. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी मागे सरकणारी पुरुषांची केशरेषा बहुतांशी कुलज असते. अशा तरुणास नव्या केसांची हमी देऊन तीन महिन्यांचे तेल एकदम विकणाऱ्या औषधविक्रेत्या बंधूंनी त्यास आधी वैद्याकडे तरी पाठवावे.