विश्लेषण : चांगला खेळाडू चांगला संघ व्यवस्थापक होतोच का? दिवाच, वाडेकर आणि धाराशिवच्या खो-खोचा धडा

'खेळून झाल्यावर पुढं काय?' उमरगा-लोहारा भागात खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या घरात हा प्रश्न दहावी-बारावीनंतर येतोच. उत्तरं साधारण ठरलेली असतात. पोलीस भरतीची तयारी, एखादी सरकारी नोकरी, नाहीतर लग्न. तू संघ चालवायला शीक, प्रशिक्षक हो, व्यवस्थापक हो, असं तिला फारसं कुणी सांगत नाही. खरं तर दहा वर्षं मैदानावर घालवलेल्या मुलीला सगळ्यात जास्त माहिती त्याच कामाची असते.

खेळाडू ते संघ व्यवस्थापक हा प्रवास नेमका कसा होतो, तो कुठे फसतो आणि आपल्या जिल्ह्याला त्याची गरज का आहे, ते समजून घेऊ.

सारिका काळे यांचं उदाहरण काय सांगतं?

धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोतला अर्जुन पुरस्कार १९९८ मध्ये कर्नाटकच्या शोभा नारायण यांना मिळाला होता. म्हणजे मध्ये तब्बल २२ वर्षं गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघानं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा कर्णधार सारिकाच होत्या.

पण त्याच २०१६ मध्ये त्या खेळ सोडायला निघाल्या होत्या. घरची परिस्थिती हलाखीची होती. आई शिवणकाम आणि इतर कामं करून घर चालवायची. अनेक वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, असं त्यांनी पुरस्कारानंतर स्वतः सांगितलं. प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. २०१९ मध्ये सरकारी नोकरी मिळाली. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या.

ही गोष्ट आपण 'गरिबीतून अर्जुन पुरस्कारापर्यंत' अशा मथळ्याखाली वाचली आणि पुढे ढकलली. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. देशाची कर्णधार खेळाच्या व्यवस्थेत आली, तेही आपल्याच जिल्ह्यात. नळदुर्ग ओलांडलं की तुळजापूर. इथल्या मुलींना टीव्हीवरच्या खेळाडूपेक्षा हे उदाहरण कितीतरी जवळचं आहे. प्रश्न एवढाच की असं उदाहरण एकच का?

संघ व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय?

मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये व्यवस्थापक ठरवतो की संघात कोण येणार, कोण जाणार, कुणावर किती खर्च करायचा आणि प्रशिक्षक कोण असणार. हार-जीतीचा हिशेब शेवटी त्याच्याकडे मागितला जातो.

जिल्हा पातळीवर हे काम वेगळं दिसतं. प्रवेशिका मुदतीत पाठवायच्या. वयाचे दाखले, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड गोळा करायचं. रेल्वेची तिकिटं काढायची, मुक्कामाची आणि जेवणाची सोय बघायची. पंचांच्या निर्णयावर हरकत असेल तर ती वेळेत आणि लेखी द्यायची. एखादीचा घोटा मुरगळला तर तिला खेळवायचं की बसवायचं हे ठरवायचं. एका चुकीच्या दाखल्यामुळे मुलीचं अख्खं वर्ष वाया जाऊ शकतं.

दोन्हीकडे मूळ काम एकच. अपुरी माहिती आणि अपुरे पैसे हातात असताना दुसऱ्याच्या भवितव्याचा निर्णय घ्यायचा. हे खेळण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे. म्हणूनच मोठमोठे खेळाडू इथे अडखळतात.

व्लादे दिवाचचं काय झालं?

सर्बियाचा बास्केटबॉलपटू व्लादे दिवाच हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. १९८९ मध्ये तो युगोस्लाव्हियातून अमेरिकेच्या एनबीएमध्ये लॉस एंजेलिस लेकर्स संघात गेला. तिथे नाव कमावणाऱ्या सुरुवातीच्या युरोपियन खेळाडूंपैकी तो एक. १९९० आणि २००२ मध्ये तो युगोस्लाव्हियाकडून विश्वविजेता झाला. १९९६ मध्ये लेकर्सनं त्याला शार्लट संघाकडे दिलं आणि बदल्यात नुकत्याच निवडलेल्या एका शाळकरी मुलाचे हक्क घेतले. तो मुलगा म्हणजे कोबे ब्रायंट. व्यवस्थापकाच्या एका सहीनं काय होतं, हे दिवाचनं खेळाडू म्हणून स्वतः अनुभवलं होतं.

पुढे सॅक्रामेंटो किंग्ज संघात तो लोकांचा लाडका झाला. निवृत्तीनंतर त्याचा २१ क्रमांक संघानं कायमचा राखून ठेवला. २००९ मध्ये तो सर्बियाच्या ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष झाला आणि २०१५ मध्ये त्याच किंग्ज संघाचा कारभार त्याच्या हाती आला. नाव होतं, अनुभव होता, लोकांचं प्रेम होतं.

२०१८ मध्ये परीक्षा आली. एनबीएमध्ये नव्या खेळाडूंची निवड संघांनी पाळीपाळीनं करायची असते. किंग्जची पाळी दुसरी होती. समोर १९ वर्षांचा स्लोव्हेनियाचा लुका डोंचिच उपलब्ध होता. युरोपचा, म्हणजे दिवाचच्या ओळखीच्या बास्केटबॉलमधलाच. दिवाचनं त्याला सोडून मार्विन बॅगलीला निवडलं. डोंचिच पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२४ मध्ये त्यानं डॅलसला अंतिम फेरीत नेलं. बॅगली दुखापतींनी सतत बेजार राहिला आणि २०२२ मध्ये त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवण्यात आलं. दिवाचनं ऑगस्ट २०२० मध्ये पद सोडलं. त्याच्या काळात किंग्ज एकदाही बाद फेरीत पोहोचले नाहीत.

पण गोष्ट एकतर्फी नाही. २०१७ मध्ये दिवाचनंच निवडलेला डिॲरन फॉक्स २०२३ मध्ये किंग्जला १६ हंगामांच्या दुष्काळानंतर बाद फेरीत घेऊन गेला. व्यवस्थापकाच्या निर्णयाची फळं, चांगली असोत वा वाईट, बऱ्याचदा तो खुर्चीवरून उठल्यावर दिसतात.

मग आपल्याकडे कुणाला जमलं?

यासाठी अजित वाडेकर आठवावे लागतात. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत कसोटी मालिका जिंकली. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ०-३ असा पराभव झाला आणि त्यांची कारकीर्द संपली. स्टेट बँकेतली नोकरी सुरूच होती. नव्वदच्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले आणि १९९३ मध्ये मायदेशात भारतानं इंग्लंडला ३-० नं हरवलं.

त्यांचा एक निर्णय आजही बघण्यासारखा आहे. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सलामीवीर नवज्योतसिंग सिद्धूची मान आखडली होती. मधल्या फळीत खेळणाऱ्या सचिन तेंडुलकरनं कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक वाडेकर यांच्याकडे सलामीला जाण्याची परवानगी मागितली. जमलं नाही तर पुन्हा मागणार नाही, असंही सांगितलं. दोघांनी होकार दिला. सचिननं ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

इथे वाडेकरांनी बॅट हातात घेतली नाही. २० वर्षांच्या मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि धोका स्वतःच्या अंगावर घेतला. व्यवस्थापन म्हणतात ते हेच. अर्थात, १९९६ च्या विश्वचषकात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात नाणेफेक जिंकून आधी गोलंदाजी घेतली आणि भारतीय डाव ८ बाद १२० वर कोसळला, तेव्हाही व्यवस्थापक वाडेकरच होते. ऑकलंडची शाबासकी घेणाऱ्याला कोलकात्याचे बोलही ऐकावे लागतात.

उमरग्याला याचं काय?

खो-खो आता बदलला आहे. २०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. खेळात पैसा आणि कॅमेरा आला की प्रशिक्षक, व्यवस्थापक, फिजिओ, व्हिडिओ पाहून विश्लेषण करणारे, सगळेच लागतात. ही माणसं कुठून येणार?

दुसरं कारण घराघरातलं आहे. स्पर्धेसाठी मुलीला चार दिवस बाहेरगावी पाठवायचं का, हे ठरवताना आई-वडील आधी 'सोबत कोण आहे?' असं विचारतात. सोबत खेळलेली, ओळखीची ताई असेल तर होकार लवकर मिळतो. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, मुक्कामाच्या ठिकाणी काही खटकलं तर कुणाला सांगायचं, हे मुलगी तिच्याशीच मोकळेपणानं बोलते. मुलींच्या संघाला स्त्री व्यवस्थापक मिळणं ही सोय म्हणून बघू नये. त्यावर मुलीचं खेळणं टिकतं की सुटतं हे ठरतं.

काय करता येईल?

माझ्या मते तीन गोष्टी लगेच करता येतील.

पहिली : खेळाडू खेळत असतानाच तिला हे काम शिकवा. तालुका आणि जिल्हा संघांसोबत एका माजी किंवा वरिष्ठ खेळाडूला सहायक व्यवस्थापक म्हणून पाठवा. कागदपत्रं, हिशेब, प्रथमोपचार हे सगळं दोन-तीन स्पर्धांत हाताखाली येतं.

दुसरी : पदकाला पदवी समजू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि ते हवंच. पण संघ हाती देण्याआधी प्रशिक्षण हवं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम आहेत. तिथे जाणाऱ्या जिल्ह्यातल्या दोन मुलींचा खर्च दरवर्षी कुणी उचलला, तर पाच वर्षांत दहा प्रशिक्षित मुली तयार होतील. आयटीतसुद्धा उत्तम कोड लिहिणाऱ्याला थेट टीम लीड केलं की टीम आणि कोड दोन्ही बिघडतात, हे माझ्या इंजिनीअर मित्रांना चांगलं माहीत आहे.

तिसरी : संघटनांत जागा द्या. २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना आणि किमान ४ महिलांना स्थान देणं बंधनकारक केलं आहे. हीच पद्धत जिल्हा संघटनांनी स्वतःहून स्वीकारायला कुणाची हरकत आहे? व्यासपीठावर पुढाऱ्यांसाठी खुर्च्या असतातच, निवड समितीत एक खुर्ची माजी खेळाडू मुलीसाठी ठेवा.

यावर एक आक्षेप येईल. खेळाडूंनाच खुर्ची दिली तरी दिवाचसारख्या चुका होणारच की! होतील. पण दिवाचची चूक जगाला दिसली, त्याला जाब विचारला गेला आणि त्यानं खुर्ची सोडली. आपल्याकडे संघ निवडला कुणी आणि का, हेच बहुतेक वेळा पालकांना कळत नाही. चूक करणाऱ्याचं नाव माहीत असणं, ही सुधारणेची पहिली पायरी आहे.

खो-खोत पाठलाग करणारा खेळाडू दमला की बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' देतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. पाठलाग सुरूच राहतो. आपल्या जिल्ह्यातल्या मुली खेळून दमतात तेव्हा त्यांना चौकोनात बसायला जागाच नसते, त्या थेट मैदानाबाहेर जातात. पुढच्या हंगामाचा संघ निवडताना त्यातल्या निदान एकीला परत बोलवा, आणि यावेळी तिच्या हातात संघाची यादी द्या.