मणी मिलिमीटरमध्ये मोजता, मग अ‍ॅक्सल अंदाजाने का?

आज द्राक्षावर नाही, जुन्या जीपवर लिहितोय. राग आलाय म्हणून लिहितोय.

गेल्या हंगामात मागच्या चाकाचा आवाज येतो म्हणून गाडी एका गॅरेजात दिली. मिस्त्रीने चाक हलवून बघितलं, डाव्या बाजूचे सगळे शिम काढून फेकले अन् म्हणाला, "घ्या, प्ले गेला!" पिंपळगावला टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालो. निम्म्या वाटेत हबवर पाणी टाकलं तर चर्र झालं. बेअरिंग निळं पडलेलं. भाडं गेलं, मालही पडून राहिला.

चूक मिस्त्रीची, तेवढीच माझी. आपण मणी १८ एमएम झाला का म्हणून व्हर्नियर लावतो, जीएचे पीपीएम काढतो. अन् ज्यावर सगळा माल बसतो तो अ‍ॅक्सल? "हाताला बरा लागतोय" एवढ्यावर!

जुन्या विलीज ठेवणीच्या जीपला मागे टेपर बेअरिंग असतं. अ‍ॅक्सलचा आत-बाहेरचा खेळ १ ते ६ थाऊ, म्हणजे ०.०२५ ते ०.१५ एमएम हवा. तो शून्य केला तर गरम होऊन फुगलेल्या बेअरिंगला जागाच उरत नाही. जास्त ठेवला तर अ‍ॅक्सल आत-बाहेर आदळतो, सील खराब होतं, गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर येतं. मग सप्तशृंगीच्या घाटात उतरताना देवीच आठवते.

"थोडा प्ले चालतो" म्हणणाऱ्याला एकच विचारा: थोडा म्हणजे किती?

काम अवघड नाही. हब पुलरने काढा. अ‍ॅक्सलच्या टोकावर घण घालू नका, तो मार आत थ्रस्ट ब्लॉकवर अन् बेअरिंगवर बसतो. बॅकप्लेटचे बोल्ट आवळा, मऊ हातोडीने अ‍ॅक्सल हलकेच ठोकून बेअरिंगचा कप बसू द्या, मग टोकाला डायल गेज लावून आत-बाहेर करून बघा. बॅकप्लेट अन् हाउसिंगच्या मधला शिम काढला की खेळ कमी, घातला की जास्त. दोन्ही बाजूंना शिमची जाडी सारखी ठेवा, नाहीतर मधला ब्लॉक एका बाजूला सरकतो. माझ्या मिस्त्रीने नेमकं हेच केलं होतं.

दुसऱ्या गाड्यांची मांडणी वेगळी असते, हा आकडा तिथे लावू नका. आपापलं मॅन्युअल बघा.

कुणी म्हणेल, डायल गेज कोण घेणार? अहो, एका गावात एक पुरे. फवारणीचा ब्लोअर आपण भाड्याने फिरवतोच की. गटाने गेज घ्या, आळीपाळीने वापरा.

अन् पुढच्या वेळी मिस्त्री "प्ले गेला" म्हणाला, तर पैसे देण्याआधी विचारा: किती उरला?