निकाहात शेठ, कोर्टात मजूर

पोटगीचा विषय निघाला की आमच्या समाजात आधी शरीयतवर वाद सुरू होतो. मौलवी बोलतात, पुढारी बोलतात. जिची चूल विझली तिला कोणी विचारत नाही. आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. अशा आयांची मुले आमच्या वर्गात बसतात. म्हणून आमचा सवाल साधा आहे : नवऱ्याची कमाई किती?

शाहबानो खटल्याचे मोर्चे सर्वांना आठवतात, आकडे कोणाला आठवत नाहीत. नवरा इंदूरचा वकील. त्याची कमाई वर्षाला सुमारे ६०,००० रुपये आहे, असे तिचे म्हणणे होते. १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने पोटगी ठरवली महिना २५ रुपये! हायकोर्टाने १९८० मध्ये ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्याशा रकमेविरुद्ध हा गृहस्थ सुप्रीम कोर्टात गेला आणि शरीयत पुढे केली. १९८५ मध्ये तो हरला.

पुढे १९८६ चा कायदा आला. २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले, तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्यालाही पुरली पाहिजे. जुलै २०२४ मध्ये, तलाकशुदा मुस्लिम स्त्री कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते, असा निकाल झाला. हक्काचा प्रश्न मिटला. उरली ती लपवाछपवी.

निकाह ठरताना जो गॅरेजचा मालक असतो, तो कोर्टात त्याच गॅरेजातला मजूर होतो. दुकान भावाच्या नावावर जाते. आखातातली नोकरी एकाएकी 'सुटते'. बायको शिकवण्या घेत असेल, तर 'ती कमावते की' म्हणून हात वर!

ही पळवाट २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने अडवली आहे. नवरा-बायको दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची. बायको कमावते एवढ्याच कारणाने पोटगी नाकारता येत नाही. तिची मिळकत पुरेशी आहे का, हे पाहावे लागते. तिनेही काही लपवू नये, हे आम्हाला मान्य आहे.

पण हे कोर्टावरच का सोडायचे? मेहर लिहितो त्याच कागदावर जमातीने दोघांची कमाई लिहून घ्यावी. कुरआनने तलाकशुदा स्त्रीला रीतीप्रमाणे देणे हे परहेजगारांचे कर्तव्य ठरवले आहे. मग मुलांच्या तोंडचा घास वाचवण्यासाठी खोटी शपथ घेणाऱ्याला जमातीने पहिल्या सफेतला मान का द्यावा?